वाकवाची पिशवी

मुलांनो, बाजारात जायला निघालेल्या आजीच्या हातात तुम्ही कधी वाकवाची पिशवी पाहिली आहे का? पिवळसर, जाड विणीची आणि दोन बंदांची ही पिशवी आपल्या मॉरिशसमध्ये सर्वजण ओळखतात. क्रेओल भाषेत तिला ‘तांत’ म्हणतात. भाजी, फळे, भाकरीचे पीठ, सगळे तिच्यात मावते. जड ओझे घातले तरी ती सहसा फाटत नाही. घरी आल्यावर आजी ती खिळ्याला अडकवून ठेवते. पुढच्या आठवड्यात तीच पिशवी पुन्हा बाजारात जाते.

ही पिशवी कोणत्याही यंत्रातून बाहेर पडत नाही. ती कुणाच्या तरी हातांनी विणलेली असते. ती कशी तयार होते आणि आपण ती विकत घेतो तेव्हा काय घडते, हे या पाठात पाहू या.

वाकवा हे एका झाडाचे नाव आहे. आपल्या देशातील वाकवा हे मोठे गाव तुम्हांला ठाऊक असेल. त्या गावाला हे नाव याच झाडावरून मिळाले. पूर्वी त्या भागात ही झाडे पुष्कळ होती. वाकवाचे झाड दिसायला मोठे गमतीचे असते. त्याच्या खोडातून जाड मुळे निघतात आणि तिरपी होऊन जमिनीत शिरतात. झाड जणू काठ्या टेकून उभे आहे असे वाटते. पाने तलवारीसारखी लांब असतात. ती खोडाभोवती जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे गोल गोल चढत जातात. पानांच्या दोन्ही कडांना बारीक काटे असतात.

आपले पणजोबा-खापरपणजोबा कोकणातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून जहाजाने या बेटावर आले. त्यांना हे झाड अगदी परके वाटले नसेल, कारण कोकणात केवडा असतो. केवडा आणि वाकवा ही एकाच कुळातली झाडे आहेत. केवड्यालाही अशीच लांब, काटेरी पाने असतात आणि अशीच आधाराची मुळे असतात. गणपतीच्या दिवसांत महाराष्ट्रात केवडा देवाला वाहतात. त्याला सुगंध फार. वाकवाची ओळख मात्र त्याच्या चिवट पानांमुळे आहे.

आता पिशवी कशी विणतात ते पाहू.

पहिले काम म्हणजे पाने कापणे. फार कोवळे पान कामाचे नसते, ते वाळल्यावर आक्रसते. फार जुने पान मोडते. चांगले पान कोणते हे कारागीर नजरेने ओळखतो. पाने कापली की त्यांच्या कडांचे काटे सुरीने काढून टाकावे लागतात. पानाच्या मधली जाड शीरही काढतात. हे काम सावधपणे करावे लागते, नाहीतर बोटांना काटे टोचतात.

मग पाने उन्हात वाळत घालतात. हिरवी पाने हळूहळू पिवळी पडतात. पाऊस आला तर ती चटकन उचलून घरात न्यावी लागतात. भिजलेल्या पानांना बुरशी येते आणि सारी मेहनत वाया जाते. म्हणून विणणाऱ्या बाईचे एक लक्ष नेहमी आभाळाकडे असते.

वाळलेल्या पानांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या काढतात. पट्ट्या घासून, दाबून मऊ आणि सपाट करतात. काही पट्ट्या रंगाच्या पाण्यात उकळून लाल, हिरव्या किंवा जांभळ्या करतात. एवढे सारे झाल्यावर विणण्याला सुरुवात होते. एक पट्टी वर, एक पट्टी खाली, पुन्हा एक वर, एक खाली. आधी तळ विणतात, मग बाजू उचलतात. कड दुमडून आत खोचतात, म्हणजे ती उसवत नाही. शेवटी बंद लावतात. बंदावर साऱ्या पिशवीचा भार असतो, म्हणून तो फार पक्का असावा लागतो.

पाहिलेत ना? विणण्याचे काम आपल्याला दिसते. पण त्याच्या आधीचे काम आपल्याला दिसत नाही. पाने निवडणे, काटे काढणे, वाळवणे आणि पट्ट्या करणे यांतच पुष्कळ वेळ जातो. बाजारात टांगलेली पिशवी पाहताना हे न दिसणारे काम आठवले पाहिजे.

या पानांचा एक जुना इतिहास आहे. पूर्वी आपल्या बेटावरची साखर वाकवाच्या पानांच्या पिशव्यांत भरून जहाजावर चढवीत. ऊस जितका वाढला, तितक्या अधिक पिशव्या लागू लागल्या. म्हणून लोक मुद्दाम वाकवाची झाडे लावीत. पुष्कळ कुटुंबे पिशव्या विणून आपला संसार चालवीत.

पुढे तागाच्या गोणी आल्या. ‘गोणी’ हा शब्द आपण मराठीत वापरतो आणि क्रेओल बोलणारे लोकही ‘गोनी’ असेच म्हणतात. गोणी यंत्रावर झटपट तयार होत. हळूहळू साखरेसाठी वाकवाच्या पिशव्या कोणी घेईना. मग 1980 साली पोर्ट लुईच्या बंदरात साखरेची मोठमोठी कोठारे उभी राहिली आणि साखर सुटीच जहाजात भरली जाऊ लागली. तेव्हा गोणीचे कामही कमी झाले.

या गोष्टीतून आपण एक महत्त्वाची बाब शिकतो. गिऱ्हाईक गेले की कला थांबते. साखरेच्या पिशव्या विणणाऱ्यांचे हात वाईट नव्हते. त्यांची वीणही कच्ची नव्हती. पण त्यांच्याकडून विकत घेणारे कोणी उरले नाही. वाकवाची कला पूर्ण नाहीशी झाली नाही, कारण लोक बाजाराची पिशवी, टोपी, चटई आणि टोपली विकत घेत राहिले. म्हणजे आज जी तांत आपल्याला दिसते, ती काही घरांनी घेणे चालू ठेवले म्हणून शिल्लक आहे.

आता आपण बाजारात जाऊ. समजा, तुम्ही आजीबरोबर गेला आहात. एका कोपऱ्यात एक वयस्कर बाई वाकवाच्या पिशव्या घेऊन बसली आहे. शेजारच्या दुकानात परदेशातून आलेल्या रंगीत पिशव्या टांगल्या आहेत. त्या स्वस्त आहेत.

तुम्ही म्हणता, “आजी, ती लाल पिशवी घे ना! ती पन्नास रुपयांना आहे. ही तर चारशेची आहे.”

आजी हसून म्हणते, “थांब बाळ. आधी हिशेब करू, मग ठरवू.”

चला, आपणही तिच्याबरोबर हिशेब करू. समजा, पन्नास रुपयांची पिशवी दोन महिन्यांत फाटते. मग वर्षात अशा 6 पिशव्या घ्याव्या लागतील. त्यांचे झाले 300 रुपये. तीन वर्षांत झाले 900 रुपये आणि 18 फाटक्या पिशव्या कचऱ्यात गेल्या. समजा, वाकवाची पिशवी नीट वापरली तर तीन वर्षे टिकते. तिचे झाले 400 रुपये. मग सांगा, स्वस्त कोणती आणि महाग कोणती?

आजी त्या बाईला विचारते, “मावशी, ही तुम्हीच विणली का?”

“होय, मीच,” ती सांगते. “पाने माझ्या भावाच्या अंगणातली आहेत. काटे मुलगी काढते, विणते मी.”

“किती दिवस लागतात?”

“विणायला दोन दिवस. पण ऊन पडले नाही तर पानेच वाळत नाहीत. मग आठवडाही जातो.”

आजी विचारते, “काही कमी कराल का?”

मावशी पिशवी हातात घेते आणि म्हणते, “ताई, तीनशेला दिली तर मला माझ्या दोन दिवसांचे काय उरले? पानांना आणि बसच्या भाड्याला पैसे लागतात. दर वेळी तीनशेला द्यावी लागली, तर मी विणणे सोडून देईन.”

आजी क्षणभर गप्प राहते. मग ती पिशवीत हात घालून तळ पाहते, बंद ओढून पाहते आणि चारशे रुपये देते.

मुलांनो, भाव करणे हे काही पाप नाही. बाजारात सगळेच भाव करतात. एखाद्याने उगाच जास्त भाव सांगितला तर विचारायलाच हवे. पण समोरच्याने स्वतःच्या हातांनी वस्तू बनवली असेल, तर भाव कमी करताना आपण त्याच्या मजुरीतून पैसे काढत असतो. परदेशी पिशवी विकणारा दुकानदार एका पिशवीवर कमी मिळाले तरी शंभर पिशव्या विकतो. मावशी आठवड्यात दोनतीनच पिशव्या विणू शकते. म्हणून तिला प्रत्येक पिशवीची योग्य किंमत मिळणे फार गरजेचे असते.

आता ते चारशे रुपये कोठे जातात ते पाहू. मावशी भावाला पानांचे पैसे देते. गावातल्या दुकानातून ती तांदूळ आणि तेल घेते. मुलीसाठी वह्या घेते. दुकानदार त्या पैशांतून शेजारच्या शेतकऱ्याची भाजी घेतो. असे एकच चारशे रुपये आपल्या गावात, आपल्या बेटावर हातोहात फिरतात. परदेशातून आलेली पिशवी घेतली, तर दुकानदाराला त्याचा नफा मिळतो, पण किमतीचा मोठा भाग ती पिशवी जेथे बनली त्या देशात जातो. आपला देश लहान आहे. गहू, कापड, मोटारी, औषधे अशा कितीतरी वस्तू आपल्याला बाहेरून आणाव्याच लागतात. म्हणून जी वस्तू येथेच चांगली तयार होते, ती येथल्या माणसाकडून घेणे शहाणपणाचे आहे.

आणखी एक लाभ आहे. वाकवाची पिशवी जुनी होऊन फाटली की ती मातीत कुजते आणि खत होते. प्लॅस्टिकची पिशवी कुजत नाही. ती वाऱ्याने उडते, नाल्यात अडकते, नदीतून समुद्रात जाते. नाले तुंबले की पावसाळ्यात घरांत पाणी शिरते. समुद्रातले कासव प्लॅस्टिकची पिशवी खाद्य समजून गिळते. म्हणून आपल्या सरकारने 1 जानेवारी 2016 पासून बाजारात सामान नेण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. आजीची तांत मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आपले काम करीत होती.

केवळ वाकवाच नव्हे, आपल्या देशात हातांनी बनणाऱ्या आणखीही पुष्कळ वस्तू आहेत.

सेगा नाचाच्या वेळी वाजवतात ते ‘रावान’ तुम्ही ऐकले असेल. लाकडाच्या पातळ गोल कड्यावर बकरीचे कातडे ताणून बसवतात. वाजवण्यापूर्वी रावान शेकोटीजवळ धरून तापवतात. उष्णतेने कातडे ताणले जाते आणि आवाज खणखणीत येतो. त्याच्या साथीला ‘मारावान’ असते. उसाच्या तुऱ्याच्या दांड्यांची चपटी पेटी करून तिच्यात बिया भरतात. ती हलवली की पावसाच्या सरीसारखा आवाज येतो. गुलामगिरीच्या काळात ज्या लोकांजवळ स्वतःचे काहीच नव्हते, त्यांनी हाताशी मिळेल त्या वस्तूंतून ही वाद्ये घडवली. 2014 साली युनेस्को या जागतिक संस्थेने मॉरिशसच्या पारंपरिक सेगाला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. पण रावान बनवणारेच उरले नाहीत, तर सेगा कशावर वाजवणार?

क्यूर्पिप गावात लाकडाची लहान लहान जहाजे बनतात. जुन्या जहाजांचे नकाशे समोर ठेवून कारागीर अगदी मापात प्रतिकृती घडवतात. 1744 साली आपल्या बेटाच्या ईशान्येस बुडालेल्या ‘सें जेराँ’ जहाजाचीही अशी प्रतिकृती मिळते. सागवानासारख्या लाकडाच्या पातळ पट्ट्या एकेक करून बसवतात. दोऱ्यांच्या बारीक गाठी हातांनी मारतात. शिडे जुनी दिसावीत म्हणून ती चहाच्या पाण्यात बुडवतात! मोठे जहाज पुरे व्हायला शेकडो तास लागतात.

सुमारे 600 किलोमीटर दूर असलेल्या आपल्या रोद्रिग बेटावर वाकवाच्या टोप्या आणि टोपल्या विणतात. तेथे वाळ्याचाही उपयोग करतात. शनिवारी सकाळी पोर्ट माथुरीनच्या बाजारात या वस्तू मांडलेल्या दिसतात. त्यांच्या शेजारी मिरचीचे लोणचे आणि मधाच्या बाटल्याही असतात.

आता आपल्या स्वयंपाकघरात पाहा. मसाला वाटायचा दगड काही घरांत अजून आहे. मराठीत आपण त्याला पाटा-वरवंटा म्हणतो, क्रेओलमध्ये ‘रोश कारी’ म्हणतात. ज्वालामुखीतून तयार झालेला आपल्या बेटावरचा काळा दगड छिन्नीने घडवून तो करतात. गणेश चतुर्थी जवळ आली की काही मराठी घरांत मातीची मूर्ती हातांनी घडवतात. लहान मुले माती कालवायला मदत करतात. तेव्हा आपल्या घरीही कारागीर असतो, हे लक्षात येते.

महाराष्ट्रातही अशा कला आहेत. कोकणातील सावंतवाडीला लाकडाची रंगीत खेळणी आणि खरी वाटावीत अशी लाकडी फळे करतात. कोल्हापूरच्या चामडी चपला तर जगभर प्रसिद्ध आहेत. तेथल्या कारागिरांपुढेही हाच प्रश्न आहे. यंत्रावर बनलेली नक्कल स्वस्त मिळाली, तर हाताने काम करणाऱ्याची वस्तू कोण घेणार?

आपल्या देशात दरवर्षी पुष्कळ पाहुणे येतात. त्यांना मॉरिशसची आठवण म्हणून काहीतरी न्यायचे असते. दुकानांत डोडो पक्ष्याच्या बाहुल्या, किल्ल्या अडकवायच्या साखळ्या आणि टोपल्या दिसतात. त्यांवर ‘मॉरिशस’ असे लिहिलेले असते. पण त्यांतल्या काही वस्तू दुसऱ्या देशांत बनलेल्या असतात. पाहुणा मनात समजतो की मी मॉरिशसच्या कारागिराला मदत केली आणि कारागिराला मात्र काहीच मिळत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. शेजारच्या मादागास्करहून आलेली टोपलीसुद्धा कुणीतरी हातांनीच विणलेली असते. तो कारागीरही गरीब आणि कष्टाळू असतो. त्याची वस्तू वाईट नाही. पण ती ‘मॉरिशसची’ म्हणून विकू नये. वस्तू कोठली आहे हे खरे सांगितले, तर दोघांचाही मान राहतो. 2013 सालापासून आपल्या देशात बनलेल्या काही वस्तूंवर ‘मेड इन मोरिस’ असे चिन्ह दिसते. ते पाहिले की वस्तू येथली आहे हे कळते. पण ते चिन्ह कारखान्यात बनलेल्या वस्तूंवरही असते. म्हणून वस्तू हाताने केलेली आहे का, हे मात्र आपणच पाहावे आणि विचारावे.

ते कसे ओळखावे? पुढील तीन प्रश्न लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न : “ही कोणी बनवली?” ज्याने वस्तू स्वतः केली आहे किंवा कारागिराकडून आणली आहे, तो आनंदाने सांगतो.

दुसरा प्रश्न : “ही कशाची बनवली?” पान, लाकूड, माती, कातडे यांपैकी काय आहे, ते कोठून आणले, हे विचारावे.

तिसरा प्रश्न : “ही बिघडली तर दुरुस्त होईल का?” वाकवाच्या पिशवीचा बंद तुटला तर विणणारी मावशी तो पुन्हा लावून देऊ शकते. यंत्रावर बनलेली स्वस्त पिशवी फाटली की बहुधा फेकूनच द्यावी लागते.

मग वस्तू हातात घेऊन पाहावी. हाताने विणलेल्या दोन पिशव्या अगदी सारख्या कधीच नसतात. एखादी पट्टी किंचित रुंद असते, एखाद्या ठिकाणी रंग थोडा फिका असतो. तो दोष नव्हे. तो हाताचा ठसा आहे. पण वीण सैल असेल, कड उसवली असेल किंवा बंद कच्चा असेल, तर मात्र तो दोष आहे. हाताने केली म्हणून कच्ची वस्तू घेऊ नये. कारागिराला नम्रपणे दोष दाखवावा. चांगला कारागीर रागावत नाही, तो पुढची पिशवी अधिक पक्की विणतो.

घेतलेली वस्तू नीट जपणे हेही आपले काम आहे. वाकवाची पिशवी भिजली तर ती लगेच सावलीत, वारा लागेल अशा जागी वाळवावी. ओली पिशवी कपाटात कोंबू नये. माती लागली तर कोरड्या फडक्याने झाडावी. अशी काळजी घेतली तर पिशवी पुष्कळ वर्षे सोबत करते.

तुम्ही म्हणाल, “आमच्या घरी नेहमी एवढे पैसे नसतात.” ते खरे आहे. प्रत्येक वस्तू हाताने बनलेलीच घ्यावी असे कोणी म्हणत नाही. यंत्रावर बनलेली वही, पेन्सिल, छत्री आपल्याला लागतेच. पण वर्षातून एकदा, कुणाला भेट द्यायची असेल तेव्हा, घरच्या माणसांशी बोलून एखादी वस्तू कारागिराकडून घेता येते. पैसे नसतील तरीही एक गोष्ट करता येते. ज्यांच्या हातांत कला आहे, त्यांच्याजवळ बसावे आणि ती शिकून घ्यावी.

कारण सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. पान कधी कापायचे, पट्टी किती ओढायची, कड कोठे खोचायची, हे सारे पुस्तकात वाचून पुरते येत नाही. ते आईच्या हातून मुलीच्या हातात, आजोबांच्या हातून नातवाच्या हातात जाते. मावशीची मुलगी आज काटे काढते. पिशव्यांना चांगली किंमत मिळाली, तर ती उद्या विणायला बसेल. किंमत मिळाली नाही, तर ती दुसरे काम शोधेल. त्यात तिचा दोष नाही. पण मग मावशीबरोबर तिची वीणही संपेल. वाकवाचे झाड तसेच उभे राहील, त्याची पाने वाऱ्यावर सळसळतील आणि त्यांचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसेल.

म्हणून मुलांनो, पुढच्या वेळी बाजारात गेलात की त्या कोपऱ्याकडे नक्की वळा. पिशवी हातात घ्या. तळ पाहा, बंद ओढून पाहा. आणि मावशीला विचारा, “ही तुम्हीच विणली का?”

शब्दार्थ
कारागीर – हातांनी कौशल्याचे काम करणारा माणूस
चिवट – सहज न तुटणारे
आक्रसणे – आखडून लहान होणे
प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी बनवलेली दुसरी वस्तू
वाळा – सुगंधी मुळांचे एक गवत
गिऱ्हाईक – विकत घेणारा माणूस
वारसा – पूर्वजांकडून मिळालेला ठेवा

स्वाध्याय
1. वाकवाचे झाड कसे दिसते? कोकणातील कोणते झाड त्याच्या कुळातले आहे?
2. पिशवी विणण्यापूर्वी पानांवर कोणकोणती कामे करावी लागतात? ती क्रमाने लिहा.
3. साखरेसाठी वाकवाच्या पिशव्या विणणे का थांबले?
4. मावशीने पिशवी तीनशे रुपयांना का दिली नाही? तुम्हांला तिचे म्हणणे पटते का? का ते सांगा.
5. आजीने केलेला हिशेब तुमच्या घरातील एखाद्या वस्तूसाठी करून पाहा.
6. उपक्रम : तुमच्या गावात हातांनी वस्तू बनवणाऱ्या एका व्यक्तीला भेटा. पाठातील तीन प्रश्न विचारा आणि मिळालेली उत्तरे वर्गात वाचून दाखवा.